वाकून दाखवा

“एकदा वाकून दाखवता का? म्हणजे मुलांना कळेल.”

बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. शिवी नाही, दमदाटी नाही. डोक्यावरची टोपी नीट करत, मोबाइल आडवा धरत म्हणाल्या. त्यांच्या दोन मुली जिप्सीच्या मागच्या सीटवर उभ्या राहून बघत होत्या. नवरा कॅमेऱ्याचं भिंग पुसत होता. रिसॉर्टचा मॅनेजर पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला. बाई आणि मी खाली उतरलेल्या. अंगात गाइडचा हिरवा शर्ट, छातीवर बिल्ला. पायाशी दगडांचा एक ढीग, गुडघ्याएवढा. त्या ढिगाच्या जागी माझ्या मायला वाघिणीनं मारलं होतं.

माय तेव्हा मोहफुलं वेचत होती. वाकून. हे मीच त्यांना आत्ता सांगितलं होतं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतो, हेही मीच सांगितलं होतं. म्हणून बाईंना ते बघायचं होतं.

मी मॅनेजरकडे पाहिलं. वाटलं, हा तरी म्हणेल, राहू द्या मॅडम. तो म्हणाला, “कर ना. दोन मिनिटांचं काम आहे.”

मी वाकले.

एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसरा जमिनीला लावला. “चेहरा थोडा इकडे,” बाई म्हणाल्या. मी चेहरा तिकडे केला. धाकट्या मुलीनं वाघासारखी डरकाळी काढली. सगळे हसले. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच सांगते, टाळ्या. माझ्या मायच्या मरणाच्या जागेवर, माझ्यासाठी.

गाडी चालवणारा सुधाकरभाऊ आमच्याच गावचा. मायच्या मयताला खांदा दिलेला माणूस. त्यानं स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं होतं. मी गाडीत चढले तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढे तळ्यावर सांबर दिसलं. मी सवयीनं सांगितलं, “डाव्या हाताला सांबर.”

आम्ही ढिवर. तलावावर जगणारी माणसं. बाबा जाळं टाकायचे आणि माय सिंदेवाहीच्या बाजारात मासे विकायची. मायचा आवाज एवढा मोठा की बाजारात शेजारी बसणाऱ्या बाया म्हणायच्या, तुया आवाजानंच मासोळ्या मरते, तुया नवऱ्याले जाळं कायले पाह्यजे. माय हसायची तीही तेवढ्याच आवाजात. उन्हाळ्यात तलाव आटायला लागला की मासे कमी व्हायचे आणि मोह सुरू व्हायचा. मग आमच्या बाया उजाडता उजाडता जंगलात. टोपली कमरेला, डोक्याला फडकं.

जंगलात बाया एकमेकींना हाक देत राहतात. फुलं वेचताना दिसत नाही कोण कुठं आहे, म्हणून. एकीनं “हो” म्हटलं की दुसरीनं “हो” म्हणायचं. त्या दिवशी मायच्या जोडीला गिरजाबाई होती. आमच्या घरामागची, मायची मैत्रीण. तिनं नंतर सांगितलं ते माझ्या कानातून अजून गेलं नाही.

“मी हो म्हटलं. तिनं हो नाई म्हटलं. मले वाटलं, मस्करी करून राह्यली. एवढ्या आवाजाची बाई वो, तिले हाक द्यायले काय लागते? मी पुन्हा हो म्हटलं.”

पुन्हाही काही आलं नाही. गिरजाबाईला टोपली सापडली. फुलं सांडलेली होती. माय नंतर सापडली, गावातली माणसं डफडी आणि डबे वाजवत गेली तेव्हा. काय सापडलं ते मी सांगणार नाही. तेही पाहुणे विचारतात.

आमच्याकडे वाघानं माणूस मारला की त्या जागी दगड रचतात. तेवढ्यावर संपत नाही. त्या वाटेनं जो जाईल त्यानं एक दगड ठेवायचा. सरपणाला जाणाऱ्यानं ठेवायचा, गुराख्यानं ठेवायचा, सोयरिकीला निघालेल्या वऱ्हाडानंसुद्धा बैलगाडी थांबवून ठेवायचा. आणि कुणी परका सोबत असेल तर त्याला मेलेल्याचं नाव सांगायचं. त्या जागेवर नाव ऐकलं की परक्यानंही दगड ठेवायचा. मग तो परका राहत नाही. मी बाबांना विचारलं होतं, हे काऊन करतेत?

“वाघाच्या तोंडी माणूस एकटाच जाते, माय,” बाबा म्हणाले. आमच्याकडे बाप लेकीला मायच म्हणतात. “मरतानी कोणी नसते त्याच्यापाशी. म्हून मग दगड ठेवा लागते. त्याले समजते, गावानं सोडलं नाई आपल्याले.”

पहिली काही वर्षं ढीग वाढत गेला. बाबा जायचे, गिरजाबाई जायची, सगळेच जायचे. मोहाच्या दिवसांत तर रोज. मायच्या ढिगावर दगडांबरोबर कधी मोहाची चार फुलं, कधी तलावातलं कमळ. माय एकटी नव्हती. गाव जात-येत तिच्याशी बोलत होतं म्हणा ना.

मग आमच्या बाजूनं जंगलाचं गेट उघडलं.

मी सफारीला शिव्या घालायला बसलेली नाही. जे आहे ते सांगते. गेटच्या आधी आमच्या गावातली तरणी माणसं मिरची तोडायला तेलंगणात जायची. मीही गेलेली आहे. मिरचीनं हात जळतात, रात्री कूस बदलताना हात तोंडाला लागला तरी डोळ्यांतून पाणी येतं. गेट उघडलं आणि वनखात्यानं गावातल्या बायांना गाइडचं शिक्षण दिलं. पक्ष्यांची नावं, झाडांची नावं, पाहुण्यांशी कसं बोलायचं ते. मंडप घातला, बिल्ले वाटले. व्यासपीठावरचे साहेब म्हणाले, हे महिलांचं सक्षमीकरण आहे. तो शब्द मी पहिल्यांदा तिथं ऐकला. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. हिरवा शर्ट घालून पहिल्यांदा हातपंपावरून गेले तर बायांनी बादल्या खाली ठेवल्या. ज्यांनी आजवर ढिवराची पोर म्हणून हाक मारली, ते “काय मॅडम” म्हणायला लागले. घरात माझं ऐकायला लागले. हे सगळं मला सफारीनं दिलं, आणि ते मी नाकारत नाही.

पण देणाऱ्यानं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काय काय नेलं, ते आम्हाला सावकाश कळलं. तलावाच्या पलीकडच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रिसॉर्ट झालं. लाकडी ओटा थेट पाण्यावर आला. मग बाबांना निरोप आला, सकाळी त्या बाजूला जाळं टाकू नका, पाखरं उडतात, पाहुण्यांना पाखरं बघायची असतात. बाबा हसले. म्हणाले, “पाखरं आमच्याच जाळ्यातल्या मासोळ्या चोरून मोठे झाले. मले पाहून नाई उडत थे.” पण जाळं त्यांनी अलीकडं आणलं. आमच्या लोकांची खोडच ती. सांगितलं की सरकायचं.

मग बैलगाडीचा रस्ता गेला. जिथून आम्ही मोहाला जायचो, जिथं मायचा ढीग होता, तो रस्ता सफारीचा रूट झाला. आडवा दांडा लागला. चौकीदार बसला. पायी जायला बंदी. वाघ आहे, तुमच्याच जिवासाठी आहे, असं सांगितलं. कोण नाही म्हणणार? बाया नाल्याकडच्या मोहांना जायला लागल्या, लांबच्या वाटेनं. तिथंही वाघ आहेच. पण तिथं जिप्सी जात नाही, म्हणून तिथं बंदी नाही.

आणि मायच्या ढिगावर दगड पडायचे बंद झाले.

मी गाइड व्हायचं म्हटलं तेव्हा भावकीतल्यांनी तोंडं वाकडी केली. पोरीच्या जातीनं परक्या माणसांसोबत जंगलात हिंडायचं, तेही ज्यानं तिची माय खाल्ली त्या जंगलात. बाबांनी सगळ्यांना गप्प केलं. ते तेव्हा गुडघ्यांनी बसले होते, पलीकडच्या घरापर्यंत जायलाही काठी लागायची. मला म्हणाले, “तू रोज तिथून जाशीन. माह्यापासून आता होत नाई. तू ठेवजो दगड.”

त्या एका गोष्टीसाठी त्यांनी मला जाऊ दिलं. मोठ्या शहाणपणानं बाकी काही विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी मला नियम कळला. गाइडनं गाडीतून उतरायचं नाही. पाऊल जमिनीला लागलं की काम गेलं. मी मायच्या ढिगाजवळून गेले, हात लांब केला असता तर वरचा दगड लागला असता, आणि मी सीटवर बसून राहिले. संध्याकाळी बाबा ओसरीवर वाट बघत होते.

“ठेवला?”

मी म्हटलं, “हो जी बाबा, ठेवला.”

दुसरं काय सांगणार होते? गाडीतून तुमच्या बायकोला बघून आले, उतरू दिलं नाही? त्या दिवसापासून रोज तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर. बाबा मान हलवायचे आणि निवांत जेवायचे.

पुढचं झालं ते माझ्या भाबडेपणानं झालं. एकदा ढिगाजवळ पाहुण्यांनी विचारलं, हे काय आहे? मी विचार केला, आपण उतरू शकत नाही, पण यांना नाव सांगितलं तर हे ठेवतील दगड. मोठे लोक आहेत, यांना कोण अडवणार? आमच्यातलं कुणीही हेच समजलं असतं. त्या जागी नाव सांगितलं की दगड ठेवणं आलंच, त्याला वेगळं बोलावणं लागत नाही. मी गाडी थांबवली आणि मायचं पूर्ण नाव सांगितलं. कशी गेली ते सांगितलं. मग वाट बघत बसले.

ते म्हणाले, “सो सॅड.” एकानं फोटो काढला. मग विचारलं, “वाघिणीचं नाव काय होतं?”

वाघिणीचं.

पुढं बसलेल्या मॅनेजरनं उत्तर दिलं. रिसॉर्टच्या लोकांनी वाघांना नावं ठेवलेली आहेत, राणी काय, सोनम काय. त्या वाघिणीलाही होतं. पाहुण्यांनी ते नाव दोनदा उच्चारलं, नीट पाठ केलं. मायचं नाव गाडीत कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

पण गोष्ट मॅनेजरच्या लक्षात राहिली. त्याला भलतीच आवडली. वाघ दिसला नाही तर पाहुणे तोंड पाडून परत येतात, रिसॉर्टला बोल लावतात. त्या दिवशी वाघ दिसला नव्हता तरी पाहुणे खूश होते. तेव्हापासून त्याच्या पाहुण्यांच्या गाडीवर तो मलाच मागून घ्यायला लागला. “तुझ्या आईची गोष्ट सांग. नाव वगैरे नको, लोक कंटाळतात. वाघीण कशी दबकत आली तिथून सुरू कर.” मी सांगायला लागले. नाही म्हटलं तर गाडीवरची पाळी दुसरीला जाईल, ही भीती होती. आणि मनात कुठंतरी वेडी आशा होती की एखादा तरी उतरेल. एखाद्याला तरी सुचेल. पाहुणे बदलत गेले, गोष्ट तीच. माझी माय रोज मरायला लागली, सकाळी एकदा, दुपारी एकदा. सांगून सांगून माझ्या डोळ्यांतलं पाणी आटलं. गोष्ट सांगताना मी पोपटासारखी बोलते हे मलाच ऐकू यायचं, पण थांबता यायचं नाही.

आणि मग त्या गोड आवाजाच्या बाई आल्या. कुणा मोठ्या साहेबांचे पाहुणे होते. त्यांना उतरायची मोकळीक मिळाली, म्हणून मलाही मिळाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझे पाय त्या मातीला लागले. आणि मी तिथं काय केलं? दगड नाही ठेवला. वाकून दाखवलं.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, “ठेवला?” मी म्हटलं, “ठेवला.” त्यांच्याकडे न बघता. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

चार-सहा दिवसांनी आमच्या शेजारचा मुलगा मोबाइल घेऊन आला. मोठ्या कौतुकानं. “आबाजी, तुमची पोरगी पाहा, फेमस झाली ना.” बाईंनी तो व्हिडिओ टाकला होता आणि गावात फोनाफोनी पसरला होता. मी चुलीपाशी होते. मला आवाज ऐकू आला. धाकट्या मुलीची डरकाळी. हसणं. टाळ्या.

बाबांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मला वाटलं ते माझ्याकडे बघताहेत, मी वाकलेय ते. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

“गवत वाढलं,” ते म्हणाले. “दगड काळे पडले. नवा एकही नाई.”

  बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मोबाइल त्या मुलाला परत दिला, काठी भिंतीला लावून ठेवली आणि आडवे झाले. जेवले नाहीत. एकदाच बोलले, माझ्याशी नाही, वरच्या कौलांशी.

“इतके दिवस एकटीच होती.”

ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. उठून सांगावंसं वाटलं, बाबा, माझा काय दोष, नियम आहे. पण तो नियम बाईंसाठी नव्हता. कॅमेऱ्यासाठी नव्हता. टाळ्यांसाठी नव्हता. तो फक्त माझ्या हातातल्या दगडासाठी होता. एवढी साधी गोष्ट मला तोवर दिसली नव्हती, हिरव्या शर्टाच्या खुशीत मी ती बघितलीच नव्हती.

सकाळी मी गेटवर गेले. मॅनेजरचे नवे पाहुणे गाडीत बसले होते, तीन माणसं, नागपूरकडून आलेली. सुधाकरभाऊनं गाडी दांड्यापाशी लावली आणि एकदम म्हणाला, “हे पाहा, तुये बाबा.”

बाबा चौकीदारापुढं उभे होते. काठीवर. धोतर दवानं ओलं. घरापासून गेटपर्यंतची ती वाट त्यांनी त्या गुडघ्यांनी कशी कापली होती, कधी निघाले होते, देव जाणे. खांद्यावरच्या पंच्यात काहीतरी जड बांधलेलं होतं.

“पायी नाई जाता येत, बाबा,” चौकीदार म्हणत होता. पलीकडच्या गावचा होता, वाईट नव्हता. “आत वाघ हाये.”

“वाघ हाये थे तू मले सांगतेस?” बाबा म्हणाले.

चौकीदाराचा चेहरा उतरला. “साहेब बोलतीन मले, बाबा. समजून घ्या ना जी.”

मी मॅनेजरला म्हटलं, “माझे बाबा आहेत. गाडीत घेऊ. एक जागा आहे.” खरंच होती. तो पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “अशानं गाडीला वास येईल. पाहुणे आहेत, जरा समज.”

वास. बाबांच्या अंगाला माशांचा वास येतो, खरं आहे. त्या वासानं मला मोठं केलं.

बाबांनी ते ऐकलं का, मला माहीत नाही. त्यांनी पंचा सोडला आणि आतला दगड माझ्या हातात दिला. तलावाच्या पाळीवरचा होता, जिथं माय मासे धुवायची. गुळगुळीत, हिरवट. “तूच ने,” म्हणाले. दांडा वर गेला आणि गाडी निघाली. मागं पाहिलं तर आमच्या गाडीची धूळ त्यांच्यावर बसत होती आणि ते तिथंच उभे होते.

ढीग आला. मॅनेजर मागं वळून पाहुण्यांना म्हणाला, “आता इथली एक थरारक गोष्ट ऐका.”

“भाऊ, थांबवा,” मी म्हटलं.

सुधाकरभाऊनं गाडी थांबवली, आणि इंजिन बंद केलं. इंजिन बंद करायचं नसतं. त्यानं केलं.

मी उतरले. मॅनेजर म्हणाला, “अगं, उतरायचं नाही. गाडीतूनच सांग.” मी ढिगापाशी गेले. दगड ठेवायला वाकले तर मागं मोबाइल वर आले, मला न बघताच कळलं. मी तशीच मागं वळून म्हटलं, “फोटो काढू नका.” मोबाइल खाली गेले. बाबांचा दगड मी सगळ्यात वर ठेवला. मग आजूबाजूचं गवत उपटलं. मग आणखी एक दगड शोधला, माझा, आणि तोही ठेवला.  रडले मी. इतक्या वर्षांनी तिथं रडले, कुणाला दाखवायला नाही.

“गाडीत बस. नियम माहीत नाही का तुला?” मॅनेजर ओरडला.

“त्या मॅडमले उतरवलं तवा नियम कुठी होता? मले वाकवलं तवा कुठी होता?” गाइडची शुद्ध भाषा माझ्या तोंडातून गेली होती. माझी आली होती. “मायी माय हाये इथी. मी दगड ठेवतो. तुले जे करायचं थे कर.”

पाहुण्यांपैकी एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला आणि हळू विचारलं, “कशासाठी ठेवतात दगड?”

मी सांगितलं. मरताना माणूस एकटा असतो म्हणून. नाव ऐकणाऱ्यानंही ठेवायचा असतो म्हणून.

“नाव काय त्यांचं?”

इतक्या गाड्या गेल्या, इतके लोक गेले. मायचं नाव विचारणारा हा पहिला. माझ्या तोंडात आलं होतं. मी म्हटलं, “उतरा जी. एक दगड उचला. मग सांगते.”

त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. मग खाली गवताकडे, मग स्वतःच्या पांढऱ्या बुटांकडे. “राहू द्या,” म्हणाले. मीही राहू दिलं.

माझं गाडीवर जाणं त्याच दिवशी बंद झालं. पाहुण्यांशी उद्धट वागली, नियम तोडला. पुढं ग्रामसभा बसली तेव्हा ढिगाचा विषय मीच काढला. आमची वाट सकाळी आमच्यासाठी उघडा, वनखात्याचा माणूस सोबत द्या, आम्ही घोळक्यानं जाऊ, दगड ठेवू, परत येऊ, एवढंच मागणं. गाव दोन्ही बाजूंनी बोललं. ज्यांच्या जिप्सी आहेत, ज्यांच्या घरी पाहुणे राहतात, ते चिडले. एक म्हणाला, “तुया एका दगडापायी गावाच्या पोटावर पाय पडन.” आमचीच माणसं. ज्यांनी आधी स्वतःच्या हातानं तिथं दगड ठेवले तीच. मला राग नाही आला, दुःख झालं. गेटनं आम्हाला पोट दिलं आणि एकमेकांपासून तोडलं. आता जो तो पाहुण्यांच्या तोंडाकडे बघून जगतो.

मॅनेजरही आला होता सभेला. गोड बोलला. म्हणाला, तिथं छान स्मारक बांधू, सिमेंटचा वाघ बसवू, आईच्या नावाची पाटी लावू, गावालाही शोभा येईल. दोन-चार जणांनी माना डोलावल्या.

गिरजाबाई खाली बसली होती, बायांमध्ये. ती उठली. “जिनं खाल्ली तिचाच पुतळा बसवतेस तिच्या छातीवर?” म्हणाली. “मी त्या दिवशी हो म्हटलं होतं. तिनं हो नाई देल्ला. आता तिची पोरगी हाक देऊन राह्यली, तर तुमी सारे मुके झालेत.” आणि तिनं तिथं भर सभेत, जशी जंगलात देतात तशी, हाक दिली. “हो!”

काही बायांनी हो म्हटलं. सगळ्यांनी नाही. बरेच पुरुष उठून गेले. वाट अजून उघडलेली नाही. बाबा त्या दिवसानंतर गेटपर्यंतही जाऊ शकले नाहीत. पण संध्याकाळी ते आता मला काही विचारत नाहीत, कारण त्यांना माहीत आहे. दगड आहे तिथं. दोन आहेत.

मी गाइडचा बिल्ला परत मागणार आहे. तो मला कुणी भीक घातलेला नाही, मी शिकून मिळवला आहे. पक्षी दाखवेन, सांबर दाखवेन, वाघ दिसला तर वाघ दाखवेन. ती माझी रोजी आहे. पण त्या ढिगाजवळ गाडी थांबली तर मी उतरेन. दर वेळी उतरेन. दर वेळी माझं काम बंद करा, मी दर वेळी परत येईन. गिरजाबाई आहे, ज्यांनी हो म्हटलं त्या बाया आहेत. येत्या मोहाच्या दिवसांत आम्ही नाल्याकडून जाणार नाही. दांड्यापाशी टोपल्या ठेवून बसणार, वाट उघडेपर्यंत.

आणि मायची गोष्ट मी शेवटची सांगितली आहे, ती ही. इथं लिहून सांगितली, कारण तुमच्यापैकी कुणीतरी त्या गाडीत बसला असेल, टाळ्या वाजवल्या असतील. आता बघा, सगळी गोष्ट सांगितली, पण तिचं नाव कुठंही लिहिलं नाही. विसरले नाही. ते नाव तिथंच सांगायचं असतं. ज्याला हवं असेल त्यानं गाडीतून उतरावं, वाकून एक दगड उचलावा आणि तो हातात धरून माझ्यासमोर उभं राहावं.

तोवर नाव मिळणार नाही.